साडेपाचच्या गाडीची कादंबरी

टी.वाय.ला असताना मी ग्रंथालयात 'कमवा आणि शिका'चं काम करायचे. परत आलेली पुस्तकं तपासायची, सुटी झालेली पानं चिकटवायची आणि पेन्सिलीच्या खुणा खोडायच्या. खोडरबराचा काळा भुगा फुंकायचा नाही, कागदात गोळा करून टाकायचा, असा नियम होता. अभ्यासक्रमाच्या पुस्तकांत ठरलेल्या गोष्टी सापडायच्या. 'आयएमपी', 'दहा मार्क', कुणाच्या तरी नावाचं पहिलं अक्षर आणि शेजारी बदाम. कादंबऱ्यांमध्ये फार काही नसायचं. पहिली तीस पानं मळलेली, पुढची कोरी. कुणी कुठं सोडली ते त्यावरून कळायचं.

2021 च्या डिसेंबरात 'कोसला' हातात आली. तिच्यात मात्र बरंच होतं. अक्षर बारीक, तिरकं, समासात दाबून बसवलेलं. पांडुरंग सांगवीकर पुण्यात वेळीअवेळी भटकतो, तिथं कुणीतरी लिहिलं होतं, 'याला कुणी विचारत नाही का, कितीच्या गाडीनं येणार?' मित्रांच्या गप्पा रंगतात तिथं एकच शब्द, 'खोली!' उद्गारचिन्ह इतकं दाबून काढलेलं की मागच्या पानावर उठलं होतं. आणि धाकट्या बहिणीचं, मनीचं, नाव येईल तिथं नावाभोवती गोल. पुस्तकाच्या अर्ध्याच्या आसपास खुणा थांबल्या होत्या.

अक्षर मी ओळखलं. आमच्याच वर्गातल्या एका मुलीचं होतं. खोडरबर बाजूला ठेवला आणि पुस्तक तसंच कपाटात लावून टाकलं. कामात केलेली ती माझी एकमेव चुकारपणाची गोष्ट.

'कोसला'वर काय कमी लिहिलं गेलंय? अस्तित्ववाद, देशीयता, भाषेची मोडतोड, नायकाचं तुटलेपण. परीक्षेसाठी मीही त्यातलं बरंच पाठ केलं आणि उतरवलं. पण त्या तीन खुणांनी मला कादंबरीबद्दल जे दाखवलं ते त्या सगळ्यात नव्हतं. खूप दिवस ते मनात घोळतंय, म्हणून हा लेख.

आधी आम्ही कोण ते सांगते. पिंपळगाव बसवंत, तालुका निफाड. मुंबई-आग्रा महामार्गावर नाशिकच्या पुढं तीसेक किलोमीटर. बाहेरच्या लोकांना टोलनाक्यामुळं माहीत असतं, नाहीतर जोपूळ रोडच्या मार्केटमुळं. पावसाळ्यात टोमॅटो, मग द्राक्षं, आणि कांदा जवळजवळ वर्षभर. इथल्या कॉलेजात शिकणारी बहुतेक पोरं-पोरी आसपासच्या गावांतून, वस्त्यांवरून येतात आणि संध्याकाळी परत जातात. याला आमच्याकडं 'अपडाऊन' म्हणतात. 'तू हॉस्टेलला की अपडाऊन?' हा प्रश्न नाशिकच्या कॉलेजांत विचारतात. आमच्याकडं त्याची गरजच पडत नाही.

आणि तरी आम्ही एका प्रचंड मोठ्या विद्यापीठाचे विद्यार्थी होतो. पुणे विद्यापीठ 1949 चं. सुरुवातीला त्याच्या पोटात पश्चिम महाराष्ट्रापासून खानदेशापर्यंतचे बारा जिल्हे होते. 1962 मध्ये कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठ झालं, 1990 मध्ये जळगावला उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ झालं, आणि पुणे, नगर, नाशिक एवढे तीन जिल्हे उरले. 2014 मध्ये सावित्रीबाई फुल्यांचं नाव मिळालं. एवढं कमी होऊनही ते मोठंच आहे, आणि त्यातली बहुसंख्य मुलं गणेशखिंडीतल्या त्या चारशे एकरांच्या आवारात नाहीत. ती आमच्यासारख्या गावोगावच्या संलग्न कॉलेजांत आहेत. तीन वर्षं मी त्या विद्यापीठाची होते. एकदाही तिथं गेले नाही. ती दगडी इमारत, गव्हर्नरच्या पावसाळी मुक्कामासाठी बांधलेली, मी फोटोत पाहिली. माझ्यासाठी विद्यापीठ म्हणजे पीआरएन नंबर, प्रश्नपत्रिकेवरचं बोधचिन्ह, आणि गुणपत्रिकेवरची सही.

विद्यापीठाचं वर्ष दोन सत्रांचं. आमचं वर्षही दोन छाटण्यांचं. सप्टेंबर-ऑक्टोबरात गोडी छाटणी, एप्रिलमध्ये खरड छाटणी. पहिलं सत्र ऐन भरात येतं तेव्हा बागेत डिपिंग आणि विरळणी सुरू होते. दुसऱ्या सत्राच्या परीक्षेचं वारं लागतं तेव्हा घड उतरवायला मजूर मिळत नाहीत, म्हणून घरातली पोरं मजूर होतात. हजेरी का कमी, असं सरांनी विचारलं की अर्धा वर्ग एका सुरात म्हणायचा, 'सर, बाग.' तेही बागवालेच, त्यांना पुढचं सांगावं लागायचं नाही.

आता 'कोसला'कडं. भालचंद्र नेमाड्यांची ही कादंबरी 1963 ची. खानदेशातल्या सांगवीचा पांडुरंग पुण्याला कॉलेजात जातो, हॉस्टेलवर राहतो, गॅदरिंग, मेस, नाटक, भाषणं अशा सगळ्या उचापती करतो, पैसे उधळतो, परीक्षेत आपटतो, आणि शेवटी गावी परततो. मधे मनी मरते. ते सगळं कादंबरीच्या मध्यावर येऊन आदळतं आणि त्यानंतर पुस्तकाचा सूरच बदलतो. मी पहिल्यांदा वाचली ती एफ.वाय.ला, आणि खरं सांगायचं तर हसून हसून वाचली. इतकी विनोदी कादंबरी आपल्याला इतक्या गंभीर चेहऱ्यानं का शिकवतात, हा प्रश्न मला अजूनही पडतो.

पण पेन्सिलीच्या त्या खुणांनंतर पुन्हा वाचली तेव्हा मला तिच्यात वेळ दिसला. पांडुरंगाकडं वेळ आहे. नुसता आहे असं नाही, कादंबरीचा सगळा घाटच त्या वेळेवर उभा आहे. तो सुप्रसिद्ध 'वगैरे' घ्या, ते 'उदाहरणार्थ' घ्या. या शब्दांवर किती लिहिलं गेलंय! पण 'वगैरे' म्हणायला माणसाला फुरसत लागते. एखादी गोष्ट सांगता सांगता मधेच सोडून द्यायची, तिची टिंगल करायची, दुसरीवर जायचं, पुन्हा पहिलीकडं यायचं, हे त्यालाच जमतं ज्याला बोलता बोलता स्टँडवरच्या घड्याळाकडं बघावं लागत नाही. तो खोलीत पडून आहे. दार लावता येतं. रात्री दोन वाजता डोंगराकडं जाता येतं. आपण कोण आहोत, कशासाठी आहोत, हे प्रश्न त्याला पडतात याचं कारण तो फार संवेदनशील आहे हे खरंच. पण त्याला खोली आहे, हेही तितकंच खरं. समासातल्या त्या एका शब्दाचा अर्थ मी असा लावते.

याचा अर्थ 'कोसला' श्रीमंत पोराची रडकथा आहे, असा नाही. तसं म्हणणारे लोक मला भेटलेत आणि मला ते पटत नाही. नेमाड्यांना खोलीची किंमत पुरेपूर ठाऊक आहे. बापाचे पैसे ही त्या पुस्तकातली सतत ठसठसणारी गोष्ट आहे. पांडुरंग हिशेब देऊ शकत नाही, बाप हिशेब मागायचा थांबत नाही. आमच्याकडं शेतकरी मार्केटमधून हिशोबपट्टी घेऊन येतो. एवढे क्रेट, एवढा भाव, हमाली इतकी, तोलाई इतकी, हाती आले एवढे. शिक्षणाची अशी पट्टी कधीच निघत नाही, आणि शेतकरी बाप आणि शिकणारा मुलगा यांच्यातलं सगळं भांडण त्या न निघणाऱ्या पट्टीचं आहे. हे 'कोसला'इतकं नेमकं मराठीत दुसरीकडं क्वचितच आलंय. म्हणून ती अजून आमचीही वाटते. माझे आप्पा मला वाचताना बघून विचारायचे, 'काय वाचू राहिली एवढं? याचे मार्क राहत्यात का?' सांगवीकरांच्या घरातलं वाक्य वाटावं.

फरक असा की पांडुरंगाला हे वाक्य सुट्टीत ऐकावं लागतं. आम्हाला रोज संध्याकाळी.

हा छोटा वाटणारा फरक मला फार मोठा वाटतो. मराठीतलं कॉलेजचं बहुतेक ललित लेखन एका प्रवासावर उभं आहे, आणि तो प्रवास एकेरी आहे. पोरगं गाव सोडतं, शहरात जातं. तिथं बिघडतं, घडतं, प्रेमात पडतं, तुटतं. मग एक तर परत येतं किंवा येत नाही. गाव एका टोकाला, कॉलेज दुसऱ्या टोकाला, मधलं अंतर म्हणजे कथानक. आमचं कॉलेज आणि आमचं घर एकाच दिवसात दोनदा ओलांडलं जायचं. सकाळी शेण काढून आलेली पोरगी साडेदहाला भाषाविज्ञानाच्या तासाला स्वनिम शिकायची आणि संध्याकाळी पुन्हा गोठ्यात. तुटलेपण वगैरे (बघा, मलाही लागलं) आमच्याकडं आलंच तर ते रोज यायचं आणि रोज परत शिवलं जायचं. अशा आयुष्याला 'गेला आणि परतला' या घाटात कसं बसवणार?

लोकप्रिय बाजूला तर हे आणखी ठळक दिसतं. सुहास शिरवळकरांची 'दुनियादारी' 1982 ची, पण आमच्या पिढीला ती 2013 च्या सिनेमातून कळली. आम्ही तेव्हा शाळेत होतो, मेमरी कार्डवर आलेला सिनेमा तुकड्यातुकड्यानं बघितला. श्रेयस, दिग्या, शिरीन आणि तो कट्टा. कॉलेजला गेल्यावर कट्टा असतो, हे आम्हाला कॉलेजला जाण्याआधी माहीत होतं. आता कॉलेजच्या कट्ट्याला सगळ्यात जास्त काय लागतं? तास संपल्यावर उरलेला वेळ. आमचा कट्टा म्हणजे पिंपळगावचं बसस्टँड. त्याची मजा कमी नव्हती. सिमेंटचा बाक, भेळेचा कागद, बाजूला नाशिकची गाडी लागली की उठणारी धूळ. पण तिथली प्रत्येक गप्पा अर्धी असायची, कारण ज्याची गाडी लागली तो उठायचा. मला कितीतरी गोष्टींचा शेवट दुसऱ्या दिवशी सकाळी कळला आणि काहींचा कधीच नाही. 'दुनियादारी' वाईट आहे असं मी म्हणत नाही. माझ्या वर्गातल्या अनेकांनी आयुष्यात पूर्ण वाचलेलं ते एकमेव पुस्तक आहे आणि त्याबद्दल शिरवळकरांचे आभारच मानले पाहिजेत. फक्त त्या पुस्तकानं आम्हाला आमच्याच कॉलेजात थोडं उपरं करून टाकलं. आपलं कॉलेज हे खरं कॉलेज नाही, खरं कॉलेज पुण्यात आहे, ही समजूत घेऊनच आम्ही एफ.वाय.ला बसलो.

ग्रामीण साहित्याला कसं विसरलीस, असं कुणी म्हणेल. विसरले नाही. आनंद यादवांची 'झोंबी' (1987) मला या सगळ्यात अपडाऊनच्या सगळ्यात जवळची वाटते. शेत आणि शाळा यांच्यामधली रोजची ओढाताण, बापाचा विरोध, एका हातात मोट आणि दुसऱ्यात पुस्तक. पण 'झोंबी' मॅट्रिकपाशी थांबते. तिथं शाळा हे बक्षीस आहे, मिळालं की जिंकलो. आमच्या पिढीत कॉलेजला जाणं हे बक्षीस राहिलेलं नाही. बी.ए. कुणीही करतं. जिंकण्यासारखं काही नसताना रोज बस पकडायची, ही गोष्ट वेगळी आहे. सदानंद देशमुखांच्या 'बारोमास'मध्ये शिकून घरी बसलेला एकनाथ आहे, आणि तो इतका खरा आहे की आमच्या गावात मला असे चार एकनाथ दाखवता येतील. पण ती पदवीनंतरची कादंबरी आहे. पदवी मिळत असताना काय होत होतं, ते आठवणीत जातं. नेमाड्यांच्याच चांगदेव पाटलाच्या कादंबऱ्यांत छोट्या गावांतली कॉलेजं भरभरून येतात, त्यांतलं राजकारण, जात, संस्थाचालक, सगळं. ती कॉलेजं मात्र स्टाफरूममधून दिसतात, बाहेरगावाहून नोकरीला आलेल्या प्राध्यापकाच्या डोळ्यांनी. बाकांवर बसलेली पोरं तिथं बहुधा गर्दी असतात.

नवनाथ गोरे यांची 'फेसाटी' यायला 2017 साल उजाडलं. जत तालुक्यातल्या पोराची शिकण्यासाठीची फरफट, त्याच्याच बोलीत, कसलाही आव न आणता. 2018 मध्ये तिला साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार मिळाला. मी ती एका रात्रीत वाचली. आणि पुढं 2020 मध्ये, टाळेबंदीत तासिका तत्त्वावरचं काम गेल्यावर हा लेखक मजुरीला जातोय, ही बातमी आमच्या वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरली. खाली कुणीच काही लिहिलं नाही. नेहमी अंगठा टाकणारेही गप्प होते.

चित्रपटांत मला आमचं कॉलेज ओळखीचं वाटलं ते एकाच ठिकाणी, 'सैराट'मध्ये. सगळ्यांना आर्चीची बुलेट आठवते. मला लोखंडे सर आठवतात. दलित कविता शिकवणारा नवा मास्तर, वर्गात फोनवर बोलणारा प्रिन्स, आणि भर वर्गात बसलेली ती थप्पड. गावातल्या कॉलेजात गावाची उतरंड दाराबाहेर चपलांसारखी काढून ठेवता येत नाही, ती आत येऊन पहिल्या बाकावर बसते, हे नागराज मंजुळेंनी दोन मिनिटांत दाखवलं. पुण्याच्या कॉलेजकथांना हे दाखवावं लागत नाही, कारण तिथं कुणी कुणाच्या बापाला ओळखत नाही. पण 'सैराट'मध्येही पुढं पळून जाणं येतं, हैदराबाद येतं, आणि कॉलेज मागं राहतं ते राहतंच. लोखंडे सरांचं दुसऱ्या दिवशी काय झालं? ते तासावर आले का? पोरांनी काय केलं? मला तो सिनेमा बघायला आवडला असता.

इथं एक जाता जाता. कुसुमाग्रजांचं बालपण पिंपळगावात गेलं. 27 फेब्रुवारीला आम्ही त्यांच्या फोटोला हार घालायचो, कवितावाचन व्हायचं, भाषा कशी टिकवायची यावर पाहुणे बोलायचे. पण इथून नाशिकला शिकायला गेलेला, पुढं एच.पी.टी. कॉलेजात बी.ए. करणारा एक मुलगा म्हणून त्यांच्याबद्दल कधी कुणी बोललं नाही. त्या काळी ते कॉलेज मुंबई विद्यापीठाचं होतं, म्हणजे त्यांचंही विद्यापीठ दूरच होतं. फोटोतला म्हातारा कवी आम्हाला माहीत होता. त्याच धुळीतून गेलेला अठरा वर्षांचा विद्यार्थी भेटला असता तर बरं झालं असतं.

आता त्या अक्षराच्या मुलीकडं येते. तिचं गाव दिंडोरी तालुक्याच्या कडेला, पिंपळगावपासून अठरा-वीस किलोमीटर. सकाळची एक गाडी, संध्याकाळची एक. संध्याकाळची साडेपाचला. ती चुकली तर घरून कुणीतरी मोटरसायकल घेऊन येणार, आणि असं दोन-तीनदा झालं की कॉलेज बंद होणार, हा न बोललेला करार. माझी वस्ती चार किलोमीटरवर. मी सायकलवाली. त्यामुळं तिला गाडीत बसवून मग मी निघायचे. स्टँडवर ती मला जे सांगायची ते मी नंतर तासात ऐकलेल्यापेक्षा जास्त लक्षात ठेवलंय. एकदा म्हणाली, 'पुस्तकातल्या पोरींना दुपार असते बघ. आपल्याला फक्त सकाळ आणि गाडी.'

आमची बॅच 2019 ची. पहिल्या वर्षाच्या मार्चमध्ये सगळं बंद झालं. दुसरं वर्ष फोनवर गेलं, परीक्षा बहुपर्यायी प्रश्नांची, मराठी साहित्याचीही. एखाद्या कवितेचा भाव चार पर्यायांतून एक निवडून सांगायचा, यावर मी वेगळा लेख लिहीन. ऑक्टोबर 2021 मध्ये कॉलेज पुन्हा उघडलं. तिनं पहिल्याच आठवड्यात 'कोसला' घेतली. आणि दिवाळीच्या सुमारास एसटी कर्मचाऱ्यांचा संप सुरू झाला.

तो संप चुकीचा होता असं मला तेव्हाही वाटलं नाही. आमच्या वर्गातल्या एकाचा बापच कंडक्टर होता, पगाराचं काय चाललंय ते त्याच्याकडून कळत होतं. पण एप्रिल 2022 पर्यंत गाड्या सुरळीत झाल्या नाहीत, आणि आमचं टी.वाय. त्याच महिन्यांतलं होतं. विद्यार्थ्याचा पास म्हणजे भाड्याचा एक तृतीयांश. तो पास काळी-पिवळीत चालत नाही. ज्यांच्याकडं मोटरसायकल होती ते आले. पोरं एकेका गाडीवर तिघं आली. मुलींमध्ये जवळच्या आल्या. मी आले, कारण चार किलोमीटर आणि सायकल. ती आली नाही. घरच्यांचं म्हणणं साधं होतं आणि त्याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. मागच्या वर्षी फोनवर झालंच ना? मग आता रोज जायची काय गरज? 'कोसला' तिच्या भावानं मार्केटला येताना परत आणून दिली. म्हणून खुणा अर्ध्यावर थांबल्या.

पाचव्या सत्राचा फॉर्म तिनं भरला. सहाव्याचा नाही. तोवर लग्न ठरलं होतं.

या सगळ्याबद्दल एकही मराठी कादंबरी मी वाचलेली नाही. महामारीवर आलं बरंच काही. शहरातल्या खिडक्या, बाल्कन्या, एकटेपणा. पुन्हा खोलीच. पण गाडी बंद झाल्यामुळं शिक्षण सुटलं, इतकी साधी, नाट्य नसलेली गोष्ट कशी सांगायची? तिच्यात खलनायक नाही. बाप मारझोड करत नाही, मास्तर वाईट नाहीत, कर्मचारी स्वतःच भरडलेले. कुणी गाव सोडत नाही, कुणी परतत नाही. फक्त एक मुलगी एका सोमवारी येत नाही, मग मंगळवारी येत नाही. आपली कादंबरी मोठ्या तुटण्यावर पोसलेली आहे, तिला बंडखोर लागतो, फुकट गेलेला का असेना. जो बंड करत नाही, जो रोज वेळेत गाडी पकडतो, त्याच्या मनात काय चाललंय हे ऐकायला लागणारा कान आपण अजून तयार केलेला नाही, असं मला वाटतं. ही तक्रार फक्त लेखकांबद्दल नाही. आम्ही वाचणाऱ्यांनीही 'आमच्यात काय लिहिण्यासारखं आहे' असंच धरून ठेवलंय. मी एम.ए.ला प्रकल्पासाठी विषय निवडला तोसुद्धा 'कोसला'च. बसस्टँड नाही.

अशी कादंबरी लिहिली गेली तर ती कशी असेल? मला वाटतं तिची प्रकरणं छोटी असतील. एखादं प्रकरण तास सुरू असतानाच संपेल, कारण गाडीची वेळ झाली. अर्धी गोष्ट बसमध्ये, पुढची अर्धी विरळणी करताना. तिच्यात 'वगैरे' नसेल. तिच्यात फोन असेल. नुसता हातातली वस्तू म्हणून नाही, तर रात्री अकराला गोधडीखाली स्क्रीनचा उजेड कमी करून वाचलेल्या पीडीएफसारखा. आमच्या पिढीला मिळालेली खोली तेवढीच, पाच-सहा इंचांची. तिला आतून कडी नाही, पासवर्ड असतो, आणि तोही भावाला माहीत असतो. नेमाड्यांनी 1963 मध्ये हॉस्टेलच्या खोलीतून एक नवी भाषा काढली. या दुसऱ्या खोलीतूनही निघेल. कदाचित निघालीही असेल आणि कुणाच्या तरी ड्राफ्टमध्ये पडून असेल.

मी आता नाशिकला असते. सेटची तयारी करते. ती परीक्षा आमचंच विद्यापीठ घेतं, म्हणजे पीआरएन सुटला तरी बोधचिन्ह काही सुटलेलं नाही. गेल्या द्राक्षांच्या हंगामात तिचा मेसेज आला. ती एका पॅकहाऊसमध्ये कामाला जाते, न्यायला-आणायला गाडी येते, संध्याकाळची सुटायची वेळ पक्की नाही. मालावर असतं. आधी पोराचा फोटो पाठवला, मग बराच वेळ 'टाइप करत आहे' असं दिसत राहिलं. मग विचारलं, 'तुझ्याकडं ती कोसला आहे का? माझी अर्धी राहिली होती.'

मी म्हटलं, 'आहे. कुठपर्यंत आली होतीस?'

'तो सुट्टीत घरी येतो, तिथपर्यंत. त्या मनीचं पुढं काय होतं गं?'

मी लिहिलं. खोडलं. पुन्हा लिहिलं, पुन्हा खोडलं. मग तिला पत्ता विचारला, पिनकोडसकट. दुसऱ्या दिवशी मेन रोडवरून नवी प्रत घेतली आणि पोस्टानं पाठवून दिली. सोबत एक पेन्सिल टाकली.